वैशाखातली ओल

पाय ओला झाला तेव्हा पितांबर फालक दात घासत होता. कडुनिंबाची काडी तोंडात, डोळे अर्धे मिटलेले, मन अजून झोपेच्या काठावर रेंगाळलेलं, आणि उजव्या पावलाला एकदम गार लागलं. त्याने पाय उचलला. वैशाखातल्या जळगावात सकाळीसुद्धा अंगणातली माती कोमट असते. दिवसभर तापलेल्या भिंती उजाडेपर्यंत अंगातली धग सोडत राहतात, माठाशेजारी ठेवलेला तांब्यासुद्धा हाताला ऊन लागतो. अशा दिवसांत पायाला गार लागणं ही शंका घेण्यासारखीच गोष्ट होती. त्याने खाली पाहिलं. कडुनिंबाच्या बुंध्याच्या जरा अलीकडे भाकरीएवढी माती काळी पडली होती. काळी, मऊ, आणि वाकून पाहिल्यावर किंचित चकाकणारी. आपल्या घरात आपल्याला न विचारता काहीतरी चाललं आहे, हे आपल्याला त्याच क्षणी कळलं होतं, असं त्याला पुढे वाटत राहिलं. खरं म्हणजे त्या क्षणी त्याला एवढंच वाटलं होतं की मांजराने काहीतरी केलं असावं.

"सुगंधा, इथं पाणी कुणी सांडलं?"

स्वयंपाकघरातून बायकोचं उत्तर फार लवकर आलं. "बेबाबाईनं हात धुतले असतील."

बेबाबाई भांडी घासायला यायची, आणि ती अजून यायची होती. पितांबरने ही विसंगती मनात नोंदवली. कचेरीत पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या माणसाला नोंदवायची सवय असते. त्या नोंदीचं पुढे काही करायची सवय मात्र नसते. तो तोंड धुऊन चहाला बसला, चहा प्यायला, कचेरीत गेला, आणि दिवसभर टेबलाखाली चपलेतून पाय काढून उजवं पाऊल डाव्या पावलावर घासत राहिला. गार लागलेली जागा तशीच गार होती.

दुसऱ्या दिवशी भाकरीचं ताट झालं आणि त्यापुढे ताटाची परात. वर ऊन असं की कावळेसुद्धा उडायचे ते कामापुरते, आणि खाली ही माती आपली रोज थोडं थोडं पाणी पिऊन फुगलेली. अंगण तसं लहान. पितांबरच्या वडिलांनी, आबांनी, एदलाबादकडची केळीची शेती सांभाळून जळगावात हा प्लॉट घेतला होता. आबा गेले आणि प्लॉटच्या मधोमध भिंत उभी राहिली. भिंतीपलीकडे थोरला भाऊ तोताराम, ज्याला सगळं गाव नाना म्हणे, आणि अलीकडे पितांबर. वाटणीत विहीर नानाकडे गेली आणि कडुनिंब पितांबरकडे आला. कडुनिंबाची सावली औषधी असते, असं पंचांनी तेव्हा समजावून सांगितलं होतं. पाणी मात्र पंच विहिरीचंच प्यायले. पितांबरने तेव्हा काही मनात धरलं नव्हतं. मनात धरायचं म्हणजे त्याला कारण मोठं लागे, आणि ते पुढे आखाजीला मिळालं.

आबा गेल्यानंतरची ती पहिली आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. आबांच्या नावाची घागर नानाच्या घरी भरली होती, कारण नाना थोरला. नवी कोरी मातीची घागर, तिच्यावर खरबूज, शेजारी आंब्याचा रस, आणि चुलीवर उपडं घातलेलं खापर. खापरावर मांडे भाजायचे म्हणजे पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर नाचवत नाचवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि अलगद टाकायची. सुगंधा हातावर पोळी घेऊन उठली, पोळी कोपरापर्यंत गेली, आणि खापराच्या तोंडाशी येऊन मधोमध फाटली. पुरण चुलीत पडलं. धुरपदावहिनी, नानाची बायको, तिथंच बसली होती. ती म्हणाली, "घ्या! फाटक्या मांड्याले आबा येतीन का व कधी?" बायका हसल्या. सुगंधाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुरानेही आलं असेल, पण पितांबरने ते पाहिलं. पाटावरून तो उठला, पूजेतली घागर त्याने दोन्ही हातांनी उचलली आणि भरल्या घरात म्हणाला, "आजपासून या घरच्या पाण्याचा थेंब माझ्या तोंडात जायचा नाही. गेला तर मी आबांचा मुलगा नाही." घागर घेऊन तो उंबऱ्याबाहेर पडला. मागे जी शांतता पसरली तिचा आवाज त्याला अजून ऐकू येई. उभ्या आयुष्यात आपण एकदाच अशी शांतता पसरवली, असं त्याला वाटे, आणि ते खरंही होतं. घरी आल्यावर लक्षात आलं की घागरीतलं पाणी नानाच्याच विहिरीचं आहे. ते त्याने कडुनिंबाच्या मुळाशी ओतलं आणि चौकातल्या नळावरून घागर पुन्हा भरून आणली. आबा त्या दिवशी पाणी जरा उशिरा प्यायले.

तेव्हापासूनचा अबोला त्याने असा पाळला की बघणाऱ्याने बघत राहावं. नाना समोरून आला की हा छत्री आडवी धरी, पावसाळा असो नसो. एदलाबादला चुलतबहिणीच्या लग्नात पाण्याचे रांजण नानाच्या गाडीतून आलेत असं कळलं, तेव्हा हा भर उन्हात कोरड्या तोंडाने अक्षता टाकून परतला होता. एस.टी.त बसल्यावर त्याला घेरी आली, आणि घेरीतही बरं वाटलं. नातेवाईक त्याच्याकडे पाहत. त्या पाहण्याला तो आदर म्हणे. कचेरीत त्याच्या हाताखालचे कारकून म्हणत, "फालकसाहेब म्हणजे शब्दाचा माणूस," आणि तो मान किंचित खाली घाली, जशी शब्दाची माणसं कौतुक चालू असताना घालतात. रात्री अंथरुणावर पडल्यावर भिंतीपलीकडून नानाच्या खोकण्याचा आवाज येई. तो आवाज ऐकत झोपायची त्याला सवय झाली होती. धुळ्याला बदली झाली तेव्हा पहिले काही दिवस त्याला झोपच लागली नाही.

धुळ्याच्या दिवसांत एक खोली, एक खाट आणि खानावळ. सुगंधा जळगावलाच राहिली, कारण बदली काही काळापुरतीच असते असं सांगितलं जातं. खानावळीत संध्याकाळी पाटावर बसलेल्या परक्या माणसांना तो आपल्या भावकीची हकिकत सांगे. सांगता सांगता ती सुधारत गेली होती. फाटलेला मांडा आता वहिनीने फेकलेला झाला होता. त्याच सुमाराला, एका शनिवारी तो जळगावला आला, तर घरात नळ. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, मोरीवर, पितळी तोटीचा नवा नळ. सुगंधा म्हणाली, "आला बाई एकदाचा." पितांबरने नळासाठी अर्ज केले होते. एक नाही, बरेच. त्यांतला शेवटचा तर त्याने असा लिहिला होता की लिहून झाल्यावर त्याचा त्यालाच गहिवर आला होता. 'तृषार्त कुटुंब' असा शब्द त्यात होता. गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नळ आला नव्हता, म्हणजे हा अर्जाचाच परिणाम. तोटी फिरवून तो ओंजळभर पाणी प्यायला. गोड होतं. धुळ्याला परतल्यावर खानावळीत त्याने सगळ्यांना सांगितलं की भाषा हाती असली की पाणीसुद्धा येतं, आणि दोघातिघांनी त्याच्याकडून आपापले अर्ज लिहून घेतले. चौकातला नळ सकाळ-संध्याकाळ तेवढा गळे. याचा नळ दिवसभर चाले. असं कसं, असं त्याने एकदा विचारलं होतं. "आपण सखलात आहोत ना," सुगंधा म्हणाली होती. हे शास्त्रीय उत्तर त्याला पटलं होतं.

आता ओल आली आणि सुगंधा एकदम भाविक झाली. ही बाई देवपूजा करायची ती अंग धुतल्यासारखी, रोज आणि झटपट. तिने एके सकाळी काळ्या मातीवर हळदकुंकू वाहिलं. बेबाबाईने भांडी टाकून हात जोडले. "आबाच हाये बरं साहेब," बेबाबाई म्हणाली, "आखाजीची घागर पोचली ना त्याइले. आता ते परत पाजू रायले." शेजारपाजारच्या दोन बायका येऊन ओलीला बोट लावून डोळ्यांना लावून गेल्या. सुगंधा म्हणाली, "खणूबिणू नका हं तिथं. जागा जागती आहे." पितांबर बायकोकडे बघत राहिला. तिने नजर दिली नाही. संसारात एवढी वर्षं काढल्यावर माणसाला बायकोची पाठ वाचता येते. ती पाठ काहीतरी लपवत होती. पण काय लपवत होती ते त्याला वाचता आलं नाही, कारण त्याच सुमाराला त्याच्या स्वतःच्या मनात एक फार देखणी कल्पना येऊन बसली होती, आणि तिच्यापुढे त्याला दुसरं काही दिसेना.

कल्पना अशी की हा झरा आहे, आणि तो नानाच्या विहिरीचा आहे. जमिनीखालचे झरे कूस बदलतात, हे त्याने ऐकलं होतं. विहीर नानाला गेली, पण विहिरीचं पाणी आबांचं. आबांना वरून सगळं दिसत असणार. कुणाचा मांडा फाटला, कोण हसलं, कोण घागर घेऊन उठलं. इतकी वर्षं विचार करून आबांनी निकाल दिला होता आणि पाणी भिंतीखालून धाकट्याकडे वळवलं होतं. कचेरीत मसुदा लिहिताना त्याची लेखणी थांबे आणि त्याला विहीर दिसे. कडुनिंबाखाली, दगडी काठाची, रहाट लावलेली. आणि पलीकडे नानाची विहीर हळूहळू आटत चाललेली, नाना काठावरून वाकून बघतोय, वरती त्याने एवढी हौसेने बसवलेली विजेची मोटार नुसतीच गरगर फिरतेय. मग एक दिवस भिंतीपलीकडून वहिनीची हाक येणार, भाऊजी, घागरभर द्या. आपण देणार. न बोलता देणार. हे देण्याचं दृश्य त्याने इतक्या वेळा पाहिलं की कचेरीत बसल्या बसल्या त्याचा हात घागर पुढे करायला उचलला जाऊ लागला.

पाणाड्या आणला तो धुळ्याच्या ओळखीतला. साक्रीकडचा भिकन. खानावळीला कोथिंबीर द्यायला यायचा आणि उरलेल्या वेळात विहिरींच्या जागा दाखवायचा. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो अंगणात फिरला. ओलीवर आला आणि नारळ उभा राहिला. पुढे सरकला, तरी उभा. भिंतीपर्यंत गेला, उभा. वळून स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत आला, तरी नारळ आपला शिपायासारखा उभा. एक पाऊल बाजूला झाला की मात्र लोळला. भिकनने नारळाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"साहेब, पानी शे," तो म्हणाला. "पन असा सरळ झिरा मी जलममा देखा नही. जशी पट्टी लाईसन आखी शे."

"सरळच असणार," पितांबर म्हणाला. "सरळ माणसाचं पाणी आहे."

सुगंधाने भिकनला चहा दिला, आणि देताना पायरीवर उभी राहून हलक्या आवाजात काही बोलली. चहा संपवून भिकनने बशी उपडी ठेवली. "बाई म्हनस नका खनू," तो म्हणाला. "तिन्हं आयका, साहेब. काही पानी खनाकरता नही ऱ्हास." जाताना तो नारळही ठेवून गेला नाही. पितांबरला वाटलं, माणूस घाबरला. एवढं पाणी त्याने उभ्या साक्री तालुक्यात पाहिलं नसेल.

रविवारी सकाळी, उन्हं चढायच्या आत, त्याने धोतर खोचलं आणि कुदळ घेतली. सुगंधा आडवी आली. "अहो, नका ना. माझी शपथ आहे." तो म्हणाला, "शपथांचं मला सांगू नकोस." हे वाक्य त्याला आवडलं आणि त्याच तोऱ्यात त्याने पहिला घाव घातला. माती लोण्यासारखी सुटत होती. गुडघाभर खाली गेल्यावर पाण्याचा बारीक आवाज यायला लागला, कुणी दातांच्या फटीतून श्वास घ्यावा तसा. तो गुडघ्यांवर बसला आणि हातांनी चिखल उपसू लागला. गार पाणी मनगटांवरून वाहत होतं. आबा, तो मनात म्हणाला, आबा. बोटांना काहीतरी गोल लागलं. गुळगुळीत, टणक, गार. मूळ असेल, असं त्याने ठरवलं. पण कडुनिंबाच्या मुळाला आटे नसतात. त्याने पाण्यात हात फिरवला. लोखंडी नळी होती, तिला सांधा होता, आणि सांध्यावर एक चिंधी करकचून गुंडाळलेली होती. चिंधी कुजली होती आणि तिच्यातून पाणी झिरपत होतं. त्याने ती ओढली. चिंधीला लाल काठ होता. ते त्याचं धोतर होतं. धुळ्याहून आणलेलं, मग एकदा वाळत घातलेलं वाऱ्याने उडून गेलं म्हणून सुगंधाने सांगितलेलं.

तो चिखलात तसाच बसून राहिला. नळी भिंतीकडून येत होती आणि स्वयंपाकघराकडे जात होती. सरळ, पट्टी लावून आखल्यासारखी. डोक्यात काही येत नव्हतं. येत होती ती फक्त चव. माठातल्या पाण्याची, रोजची, जेवताना दोन घासांमध्ये घेतलेल्या घोटाची, आजारपणात सुगंधाने चमच्याने घातलेल्या पाण्याची, चहाची, वरणाची. अंघोळीच्या वेळी अंगावर ओतलेला तांब्या न् तांब्या. एदलाबादच्या लग्नातून कोरड्या घशाने घरी येऊन, दारातच उभं राहून, मान वर करून घटाघट प्यायलेलं ते पाणी. नियम पाळला म्हणून ते किती गोड लागलं होतं. संध्या करताना हातात घेऊन सोडलेलं उदक. आणि या आखाजीला आबांच्या घागरीत भरलेलं. सगळं त्याच विहिरीतलं. नानाची मोटार घरघरायची तेव्हा हा खिडकी लावून घ्यायचा, आणि त्याच घरघरीने इथं याचा माठ भरायचा. जीभ टाळ्याला चिकटली. थुंकावं असं वाटलं, पण थुंकायलाही तोंडात पाणी नव्हतं.

"सापडलं का व?" वरून आवाज आला. भिंतीवर धुरपदावहिनीचं डोकं होतं. खाली स्टूल असावं. ती त्याच्याशी बोलत नव्हती, सुगंधाशी बोलत होती. "मी म्हनलं नव्हतं तुले, चिंधी नको गुंडायू, पावसाच्या आत फुटीन म्हनून?" मग तिचं लक्ष खड्ड्याकडे गेलं. "अय्या! भाऊजी!"

डोकं खाली गेलं. पलीकडे कुजबुज झाली. नंतर त्याच जागी नानाचं डोकं आलं. पांढरे झालेले केस, दाढीचे खुंट. इतक्या वर्षांत पितांबरने हा चेहरा छत्रीच्या कडेखालून, तुकड्या-तुकड्यानेच पाहिला होता. सबंध पाहिल्यावर तो आबांसारखा दिसत होता, आणि हे त्याला मुळीच आवडलं नाही.

"वायसर गेला आसंन रे भो," नाना म्हणाला, जसं काल संध्याकाळी बोलणं राहिलं होतं आणि आज पुढे चालू झालं. "थांब, मी पान्हा घेऊन येतो."

नानाने त्याच्याकडे नीट पाहिलं, मग पायरीवर उभ्या असलेल्या सुगंधाकडे, आणि त्याचा चेहरा उतरला. "याले माहीत नव्हतं?" त्याने विचारलं. "आरे, मले वाटलं तुले सारं माहीत हाये. मी म्हनलं, पोरगं पानी पिऊ रायलं, म्हंजे राग गेला. बोलत नाही तं नाही. लाजत आसंन." त्याने भिंतीवर हनुवटी टेकली. "मी तं कधीचाच इसरलो बा."

तेवढ्यात वहिनीचं डोकं नानाच्या खांद्याशी पुन्हा उगवलं. "त्या मांड्याचं घेऊन बसले काय भाऊजी अजून? आता सुगंधाचे मांडे पाहा ना, माह्यापेक्षा पातळ होतात! माह्याच खापरावर तं शिकली."

या आखाजीला ताटात पडलेला मांडा त्याला आठवला. कागदासारखा, दुमडला तरी न तुटणारा. तो म्हणाला होता, असा मांडा त्या घरात सात जन्मांत व्हायचा नाही. सुगंधा खाली मान घालून वाढत राहिली होती. ती विनयाने खाली मान घालते आहे असं त्याला वाटलं होतं.

नाना पान्हा आणायला गेला तो आला नाही. शहाणा माणूस. वहिनीही गेली. सुगंधा पायरीवरून उतरून खड्ड्याच्या काठाशी येऊन बसली.

"तुम्ही धुळ्याले होते," ती म्हणाली. "चौकातल्या नळावर पडले मी. चिखल होता, हंडा डोक्यावर. मनगट मोडलं. नानांनी उचलून हाडवैद्याकडे नेलं. वहिनी महिनाभर माझी वेणी घालायची. मग नाना म्हणाले, ही काही चौकात जायची नाही आता, आणि नळी टाकली."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तं तुम्ही काय केलं असतं?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. त्याने अर्ज लिहिला असता.

"आणि माझी शपथ?"

"त्या घरचं पाणी पिणार नाही म्हणाले होते तुम्ही. हे आपल्या घरात आलं. आपल्या माठात बसलं. माठात बसलं की ते माठवाल्याचं." हे तिने इतक्या सहज सांगितलं की त्याला कळलं, हा युक्तिवाद जुना आहे, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. भिंतीपलीकडे बसून दोघींनी तो कधीतरी घडवला असणार. हसत घडवला असणार.

"इतकी वर्षं हसलात मला."

"हसलो नाही हो," सुगंधा म्हणाली. मग खरं बोलावं की नाही याचा तिने थोडा विचार केला. "पहिल्या दिवशी हसलो. तुम्ही घागर घेऊन निघाले आणि धोतर ओलं झालं तेव्हा. सगळ्यांनी तोंडाला पदर लावले होते. नंतर नाही. नंतर मीच म्हटलं, राहू द्या. त्याच्या आधी तुम्ही पोक काढून चालायचे. रागावल्यापासून ताठ चालायला लागले. जेवण वाढलं. मी नानांनाही म्हटलं, राहू द्या त्यांचा राग, त्यांना मानवतो."

म्हणजे ती शांतता. ती पदराआडची शांतता होती. त्याने डोळे मिटले. रागाने तो उभा होता अशी त्याची समजूत होती, आणि राग तर या लोकांनी त्याला दिलेला होता, थोडा थोडा, जपून, पथ्याच्या जेवणासारखा. त्याला शत्रू नव्हता. ज्याच्यासाठी तो छत्री आडवी धरत होता तो माणूस छत्रीपलीकडे शांतपणे केळीचे भाव आठवत चालला होता. ज्या बायकोसाठी हे सगळं आरंभलं ती त्याच दुपारी, पुरण पुसून झाल्यावर, वहिनीशी बोलायला लागली असणार. सगळ्या भांडणात भांडत होता तो एकटाच. नानाने फसवलं असतं तर त्याला ते झेपलं असतं. त्याची तयारी होती, त्यासाठी तर तो इतकी वर्षं उभा होता. पण ज्या बाजूला त्याने पाठ केली होती, विश्वासाने, न बघता, त्या बाजूने हे आलं. आणि तिथून बघितलं तर त्याची पाठ कशी दिसत असेल? ताठ. मानवलेली.

तो उठला. नळाची तोटी आवळून बंद केली, माठ उचलून मोरीत पालथा घातला आणि म्हणाला, "आजपासून पाणी मी आणीन." सुगंधाने खड्ड्याकडे पाहिलं आणि मग रिकाम्या माठाकडे. दुपार त्याने बाहेरच्या खोलीत पडून काढली. पंख्याने वारा घेतला तर वाराच तोंड कोरडं करत होता. जीभ सुजून तोंडात मावेनाशी झाली. ओठ चाटायला गेला तर ओठांना मिठाची चव. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. वरणाचा वास आला. वरण कशात शिजलं हे विचारायचं त्याच्या जिवावर आलं, आणि तो जेवला नाही. मधूनच डुलकी लागली की कुठूनतरी पाण्याचा बारीक आवाज येई, आणि जाग आली की थांबे.

संध्याकाळी चौकातला नळ सुटायच्या वेळी तो बादली घेऊन निघाला. सगळ्या बायका. तो रांगेत उभा राहिला. पुढे उभ्या असलेल्या बेबाबाईने वळून पाहिलं आणि तिचा हात कपाळाला गेला.

"साहेब? तुम्ही?" ती म्हणाली, आणि काळजीने विचारलं, "नानाच्या घरची मोटार बिघडली का हो?"

बायकांनी त्याला पुढे जाऊ दिलं. कुणी हसलं नाही. आता त्याला ते ओळखू येत होतं. बादली भरली. नळाचं पाणी दिवसभर तापलेल्या नळीतलं, कोमट, त्याला गंजाचा वास. चौकातच ओंजळ लावून प्यावं असं फार वाटलं, पण सगळ्या बघत होत्या, आणि त्याला बघितलेलं पुरे झालं होतं. बादली जड होती. हात बदलत, थांबत, पायावर सांडत तो घरी आला. अंगणात कडुनिंबाखालून जाताना वरून पिवळी पानं गळत होती. त्यांतली दोन बादलीत पडली. ती काढायलाही तो थांबला नाही. स्वयंपाकघराच्या दारात बादली ठेवून तो तिथंच पायरीवर बसला. खड्डा कुणीतरी बुजवला होता. वरची माती नीट थापली होती, आणि कोरडी होती.

सुगंधा आतून आली. तिच्या हातात तांब्या होता. तांब्याच्या बाहेर बारीक थेंब सुटले होते. त्याने तो दोन्ही हातांनी धरला. गारवा बोटांतून मनगटापर्यंत चढला.

"हे कुठलं?" त्याने विचारलं.

"तुम्ही आणलेलं," ती म्हणाली.

तो प्यायला लागला. निम्मा तांब्या झाल्यावर श्वास घ्यायला थांबला आणि तांब्याच्या काठावरून त्याने पाहिलं. बादली दारात त्याने ठेवली होती तशीच होती. पाणी तेवढंच होतं, आणि वर कडुनिंबाची दोन पानं होती, हललीसुद्धा नव्हती. सुगंधा उभी होती. तीही बादलीकडेच बघत होती. त्याने राहिलेला तांब्या तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत प्यायला.

"गार आहे," तो म्हणाला, आणि रिकामा तांब्या पुन्हा पुढे केला.